डोंगरात लपलेलं म्युझियम: कल्पना बरी, पण पावसाळ्यात काय?

डोंगरउतार | रविवार, रात्री १०.१५

राम राम मंडळी. मी साताऱ्याची, आर्किटेक्ट होऊन चार वर्षं झाली, आजपर्यंतचं काम म्हणजे सहा बंगले, एक मंगल कार्यालय आणि एका दुकानाचं फर्निचर. आता पहिल्यांदाच मनासारखं काही हातात आलंय म्हणून धागा काढतेय, मोठा होईल, सांभाळून घ्या.

यवतेश्वरचा घाट चढून कास रोडला लागलं की आत एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण कमिटीतले दोघंतिघं इथं वाचतात. गावकऱ्यांनी बऱ्याच वर्षांपासून जुनं सामान जमवलंय, मोटेची चाकं, नांगर, पाभर, कणग्या, इरली, घोंगडीचा माग, तीन गंजलेल्या तलवारी, एक वीरगळ, मोडी कागदांची दोन गाठोडी आणि देशी बियाण्यांचे डबे. ते सगळं एका जुन्या खोलीत पडलंय आणि दर पावसाळ्यात त्यातलं थोडं थोडं कमी होतंय. तर त्याचं संग्रहालय करायचं ठरलंय. जागा गावाच्या डोक्यावर, सड्याच्या अगदी खालचा उतार (सडा म्हणजे डोंगराचा सपाट खडकाळ माथा), दोन एकर.

कमिटीला काय पाहिजे ते सांगते. भली मोठी कमान, दोन्ही बाजूला बुरूज, बुरुजावर फायबरचे मावळे आणि रात्री खालून रंगीत लाईट.

मला काय पाहिजे, तर रस्त्यावरून बघितलं तर इथं काही बांधलंय हेच कळू नये. उतारात खोदून खोल्या, वर माती, मातीवर गवत, डोंगराची रेघ जशी आहे तशी. स्केच केलंय, घरी सगळ्यांना आवडलं, आईनं फक्त विचारलं की पावसाळ्यात काय, मी म्हटलं बघू.

असं काही कुणी प्रत्यक्ष बघितलंय का? आणि काय काय बोंबलतं ते आधीच सांगा, नंतर नको.

कंदीपेढा | रविवार, रात्री १०.३२

फायबरचे मावळे दोन उन्हाळ्यांत पांढरे पडतात आणि मग ढालतलवार घेतलेली भुतं दिसायला लागतात, एवढं कमिटीला सांगून बघ.

आणि म्युझियम दिसलंच नाही तर पब्लिक सरळ कासला जाणार, फोटो काढणार आणि परत येणार. तुझ्या छतावरून चालत.

सातारी_ओसाकात | सोमवार, पहाटे ५.०५

सहा वर्षं ओसाकात आहे नोकरीला. तुझ्या डोक्यात जे आहे ते बहुतेक नाओशिमा बेटावरचं चिचू म्युझियम, तादाओ आंदो या आर्किटेक्टचं, २००४ साली उघडलं. चिचू म्हणजेच जमिनीच्या आत. इकडनं ओकायामापर्यंत रेल्वे, पुढं उनो बंदर आणि तिथनं वीसेक मिनिटं बोट. बेटावर पोचलं तरी टेकडीच दिसते, म्युझियम दिसत नाही, फक्त आकाशातून काढलेल्या फोटोत टेकडीत चौकोन त्रिकोण कापल्यासारखी भोकं दिसतात आणि त्यातनंच आत उजेड येतो. मोनेची कमळतळ्याची पाच चित्रं आहेत, त्या खोलीत दिवाच नाही, पायातलं काढून जायचं. आम्ही आत असताना बाहेर ढग आला आणि चित्रांचा रंगच बदलला, बायको पटकन म्हणाली लाईट गेली वाटतं.

पण एक गोष्ट फोटोत कळत नाही ती सांगतो. हे डोंगराला हात न लावता केलेलं नाही. आधी डोंगर खोदला, काँक्रीट ओतलं, मग माती परत टाकली. शिगा भागातलं मिहो म्युझियम पण तसंच, आय. एम. पेईचं, १९९७ सालचं, पाऊण भागापेक्षा जास्त जमिनीत आहे आणि बांधून झाल्यावर टेकडी परत रचून वर झाडं लावलीत. जे 'मिसळलेलं' दिसतं ते सगळं नंतरचं.

मला स्वतःला तेशिमा बेटावरचं जास्त भावलं, २०१० चं, र्‍यूए निशिझावाचं. थेंबासारखं पांढरं काँक्रीटचं कवच, ४० बाय ६० मीटर, आत एक खांब नाही, उंची जास्तीत जास्त साडेचार मीटर. मातीचा ढीग करून त्यावर काँक्रीट ओतलं आणि ते घट्ट झाल्यावर खालची माती उपसून काढली. छताला दोन मोठी भोकं, काच वगैरे काही नाही, वारा पाऊस पाखरं सगळं आत. बघायला काय, तर जमिनीतल्या बारीक छिद्रांतनं येणारे पाण्याचे थेंब, ते पळतात, एकमेकांत मिसळतात, बस. तासभर बसलो. आणि आजूबाजूची पडीक पडलेली भातखाचरं गावकऱ्यांना बरोबर घेऊन परत लागवडीला आणलीत, ती खाचरं नसती तर ते कवच नुसतं उडती तबकडी वाटलं असतं.

कंदीपेढा | सोमवार, सकाळी ८.४०

छताला भोकं ठेवून पाऊस आत घ्यायची पद्धत आमच्या शाळेत १९८८ पासून होती, पण आमच्या हेडमास्तरांना कुणी आर्किटेक्ट म्हटलं नाही.

कोबा_गिलावा | सोमवार, दुपारी १.२०

मी कराडचा, स्ट्रक्चरल डिझाईन करतो, आधी जरा हिशोब सांगतो म्हणजे स्वप्न जमिनीवर येईल.

ओली माती एका घनमीटरला दोन टनाच्या आसपास धर. म्हणजे फूटभर मातीचा थर टाकलास तर एका चौरस मीटरवर सहाशे किलो, तेही माणूस, गवत, शेळी काही न धरता. नेहमीच्या गच्चीला आपण वापराचा भार दीडशे किलो धरतो. चौपट झाला. म्हणजे स्लॅब जाड, बीम मोठे, खांब जास्त, पाया मोठा, आणि हे सगळं काँक्रीट कशासाठी, तर बांधकाम दिसू नये म्हणून. फूटभर माती कशाला, गवताला चार सहा इंचही पुरते, पण मग उन्हाळ्यात ते गवत वाळून भुरं होणार. होऊ दे, आपला डोंगर पण मार्चनंतर भुराच असतो, बारा महिने हिरवं छत दिसलं तर उलट तेच डोळ्यात खुपेल. कमिटीनं वर लॉन लावायचं म्हटलं तर पहिला विरोध माझा लिहून घे.

थर कसे, तर स्लॅब, त्याला उतार, वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं आत घुसू नयेत म्हणून एक जाड शीट, मग पाणी वाहून जायला खडीचा थर, त्यावर माती खाली जाऊ नये म्हणून जिओटेक्स्टाईल आणि मग माती. यातला एक थर जरी चुकला तरी गळती कुठून होतेय ते कधीच सापडत नाही. माझ्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर मी हौसेनं बाग केली होती, ठेकेदारानं मुळं अडवणारी शीट टाकलीच नाही आणि मी इंजिनियर असून बघायला गेलो नाही कारण पोरीची परीक्षा होती. तिसऱ्या पावसाळ्यात हॉलमधल्या पंख्याच्या दांडीवरून पाणी. गळती पंख्याजवळ, भोक निघालं बारा फुटांवर पेरूच्या झाडाखाली. सगळी माती पोत्यांनी खाली उतरवली, बायको अजून पेरूचं नाव काढते.

तेव्हा कर, पण माहिती असू दे.

वायतुरा | सोमवार, रात्री ९.५०

मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे आणि पावसाळा बहुतेक सड्यावरच जातो, त्यामुळे "सड्याच्या अगदी खालचा उतार" हे वाचून जरा दचकलोच. जरा लांब लिहितो.

सडा म्हणजे आपला जांभ्याचा माथा. वर माती बोटभर, कुठं वीतभर, कुठं नाहीच. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत पाणी तुंबून राहतं, माती अशी निकस की सीतेची आसवं नावाची रोपं किडे खाऊन जगतात, आणि ज्याच्या नावानं मी इथं लिहितो तो वायतुरा तर शास्त्रीय नावातच सातारा घेऊन बसलाय. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात कास आहे ते या बोटभर मातीमुळं.

आता खाली काय होतं ते बघा. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातनं झिरपत खाली जातं आणि जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थराला अडतं. अडलं की आडवं चालतं आणि डोंगराच्या कुशीतनं बाहेर येतं. हाच झरा. सड्याखालच्या गावांना शतकानुशतकं प्यायचं पाणी देणारे झरे बहुतेक याच रेघेवर आहेत. आणि तुमची दोन एकर बरोब्बर त्याच रेघेवर आहे, सड्याच्या खाली आणि गावाच्या वर. तिथं तुम्ही वीस फूट आत खोदलंत तर दोनपैकी एक होणार, एक तर झरा तुमच्या मोडी कागदांच्या खोलीत उगवणार, नाहीतर तुम्ही तो पाईपनं बाजूला काढून देणार आणि चार वर्षांनी गावात टँकर येणार. म्युझियम मात्र रस्त्यावरून अजिबात दिसणार नाही, शंभर टक्के मिसळलेलं असेल.

शिवाय उतार कापायचा म्हणताय म्हणून आठवण करून देतो, २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आला. त्याची कारणं इथं मांडत बसत नाही, पण पावसानं भिजलेल्या उताराचा पाय काढायचा नसतो हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही.

ताई, तुम्ही डोंगर डोळ्यांनी बघताय. डोंगर म्हणजे त्याची रेघ नव्हे, त्याच्या पोटात पाणी चालतं.

चिकित्सक | सोमवार, रात्री ११.१५

मग काही बांधूच नये का? सर, आपण राहता ते घर पण कुणाच्या तरी उतारावरच असेल. कास रोडला दोन्ही बाजूंनी काय काय उभं राहिलंय ते रोज बघतो, त्याला कुणी झरा विचारला नाही, आणि एक पोरगी नीट विचार करून काही करायला निघाली की लगेच सगळे पर्यावरणवाले.

शिवाय हा 'न दिसणारी इमारत' प्रकारच मला पटत नाही. मंदिर डोंगरावर उठून दिसतं, किल्ला दिसतो, अजिंक्यतारा अख्ख्या शहराला दिसतो, त्यानं निसर्ग बिघडला का? लपवायचं काय कारण, चोरी केलीय?

डोंगरउतार | मंगळवार, सकाळी ७.३०

वायतुरा सर, रात्री झोप लागली नाही. झऱ्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं, खरं सांगते. साईटवर तीनदा गेले, तिन्ही वेळा मे महिन्यात. आई म्हणते मी विचारलंच होतं.

चिकित्सक, अजिंक्यताऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, पण अजिंक्यतारा त्याच डोंगराच्या दगडाचा आहे आणि डोंगराच्या कडेकडेनं फिरलाय, म्हणून तो उठून दिसतो आणि तरी उपरा वाटत नाही. मला बहुतेक तेच पाहिजे होतं आणि मी ते 'लपवणं' असं समजून बसले.

औंधची_लेक | मंगळवार, दुपारी ३.१०

तुम्ही सगळे जपान फिरून आलात, औंधला कुणी गेलं नाही वाटतं. आमचं श्रीभवानी संग्रहालय यमाईच्या डोंगराच्या चढावरच आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला बांधलेलं. रवि वर्मा आहे, हेन्री मूरचं आई आणि बाळ हे शिल्प आहे, खटाव तालुक्यात, हो. लहानपणी आम्ही देवीला जाताना अर्ध्या वाटेवर दम खायला तिथं थांबायचो आणि आत गारवा म्हणून शिरायचो, चित्रं हा बोनस. ते लपलेलं बिपलेलं नाही, साधी बसकी इमारत, पण ती देवीच्या वाटेवर आहे. वाटेवर बसवली म्हणून ती डोंगराचीच वाटते. वरच्या झरोक्यांतून उजेड येतो, दुपारी दिवे लावावे लागत नाहीत.

मला म्हणायचंय ते एवढंच, की माणसं त्या डोंगरावर आधीपासून कुठनं कशी चालतात ते बघून घे. गुरं कुठनं जातात, पालखी कुठनं जाते.

अवांतर: लिंबची बारामोटेची विहीर बघितलीस का? नसेल तर आर्किटेक्ट म्हणून लाज वाटू दे, सोळा किलोमीटरवर आहे.

डोंगरउतार | मंगळवार, दुपारी ३.४५

बघितलीय हो ताई, कॉलेजात असताना मोजून ड्रॉईंग काढलंय तिचं! शाहू महाराजांच्या काळातली, १७१९ ते १७२४, वीरूबाईंनी बांधलेली, अष्टकोनी, ११० फूट खोल. शेतातनं जाताना वर काही नाही, आणि पायऱ्या उतरून गेलं की आत महाल. खरं तर माझं स्केच तिथनंच आलं, चिचूचे फोटो नंतर बघितले.

कोबा_गिलावा | मंगळवार, सायंकाळी ६.००

पण ती विहीर आहे ना! पाणी आत येणं हेच तिचं काम. जमिनीत बांधून पाण्याशी भांडत बसायचं नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्या कराडच्या आगाशिव लेण्यांत पण बघ, लेण्यांच्या जवळ पाण्याची पोढी कोरलीय. डोंगरात घर केलं तर पाण्यालाही घर द्यायचं.

हरिपूरकर | मंगळवार, रात्री ८.२५

सांगलीच्या बाजूनं एक अनुभव सांगतो, वय बहात्तर, टायपिंग हळू आहे.

आमच्या हरिपुरात हळदीची पेवं. जमिनीत वीस पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं, रांजणासारखं. आतनं पाला गवत लावून हळद भरायची आणि तोंड माती टाकून बंद. वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही, वरनं बघितलं तर नुसतं अंगण, त्यावर पोरं गोट्या खेळतात. वातानुकूलित गोदाम म्हणा की. कारण काय, तर आमची माती. ती पाणी धरत नाही अशी ख्याती होती. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, विझला तर आत हवा नाही, तोंड उघडं ठेवून थांबायचं. आमच्या वडिलांनी मला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, तो पिवळा अंधार अजून डोळ्यासमोर आहे.

आणि २००५ ला कृष्णेचा पूर आला. पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, पेवं ढासळली. पुढं २०१९ चा पूर तर त्याहून मोठा. पिढ्यानपिढ्या कोरडी राहिलेली जमीन, चार दिवसांत संपली. आता थोडीच राहिलीत. हळदीला २०१८ ला जीआय मानांकन मिळालं, पेवाला काय मिळालं ते विचारू नका.

मुली, जमिनीत ठेवलेलं टिकतं, पण जमीन कुठली ते बघ. आमचीच पद्धत तुमच्या डोंगरात चालेल असं नाही.

कंदीपेढा | मंगळवार, रात्री ८.४०

काका, साष्टांग. आज विनोद नाही.

औंधची_लेक | मंगळवार, रात्री ८.५५

+१. वाचनखूण साठवली.

वायतुरा | मंगळवार, रात्री १०.१०

हरिपूरकरांच्या लिहिण्यात एक भर. आमच्याकडं अडचण पुराची नाही, दमटपणाची आहे. जमिनीतली खोली बाराही महिने साधारण सारख्या तापमानाला, म्हणजे गार राहते, हे चांगलं. पण जुलैत बाहेरची दमट हवा आत आली आणि त्या गार भिंतीला लागली की भिंतीला घाम फुटतो. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदाला बुरशी आणि लोखंडाला गंज. म्हणजे ज्या जुन्या खोलीत सामान खराब होतंय म्हणून तुम्ही हे करताय, तीच खोली डोंगरात करून ठेवाल.

डोंगरउतार | बुधवार, दुपारी २.००

वाचून काल रात्री सगळ्या सामानाची यादी परत काढली आणि एक गोष्ट लक्षात आली. त्यातल्या बहुतेक वस्तूंना खोलीच लागत नाही! वीरगळ शेकडो वर्षं उघड्यावर आहे. मोटेची चाकं, नांगर, उखळं, दगडी जाती यांना डोक्यावर छप्पर आणि वाहतं वारं असलं की झालं, पडवी पुरते. दारं खिडक्या लागतात त्या कागद, घोंगड्या, तलवारी आणि बियाण्यांना, आणि त्याला पंधरा बाय वीसची एक खोली बास, दुहेरी भिंतीची, आत दमटपणा ओढणारं मशीन, आणि उजेड अगदी कमी. कागद कापडाला ५० लक्सच्या वर उजेड द्यायचा नसतो, त्यामुळे ते मोनेसारखं आकाशातून वगैरे तिथं नाहीच चालणार, ते वीरगळाला देईन.

म्हणजे डोंगरात खोदायचं होतं ते सहा हजार फुटांवरून तीनशेवर आलं.

चिकित्सक | बुधवार, दुपारी २.३०

आणि पार्किंग? शंभर गाड्या धरल्या तर फिरायच्या जागेसकट पाऊण एकर जाणार. म्युझियम गवताखाली घाल नाहीतर चंद्रावर ने, घाटातनं वर येणाऱ्याला पहिली दिसणार ती शंभर गाड्यांची टपं, उन्हात चमकणारी. आणि भजी-कणसाच्या टपऱ्या. त्यावर कुठलं गवत लावणार?

(हा विरोध नाही, खरा प्रश्न आहे.)

माणदेशी | बुधवार, रात्री ९.३०

मी माण तालुक्यातला, शेती आणि एक जेसीबी. गावात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळी पंचेचाळीस दिवस श्रमदान केलंय त्यामुळं उताराचं थोडं कळतं, तुमच्या एवढं वाचन न्हाय.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, समपातळी. आमी सीसीटी, म्हंजी सलग समपातळी चर, काढताना ए फ्रेम घेऊन डोंगरावर समपातळीची रेघ मारत जायचो, तीन काठ्या, एक दोरी आन एक दगड, बास. ती रेघ कुठंच सरळ नसती, डोंगर वळंल तशी वळती. तुमची पडवी त्या रेघंवर बसवा, लांब आन अरुंद, दहा-बारा फूट रुंदीची. मग डोंगर कापायला लागत न्हाय, फार तर कंबरभर. आन वरनं येणारं पाणी पडवीच्या मागच्या चरात थांबंल, मुरंल, खालच्या झऱ्याला जाईल. लांबून बघितलं तर शेताची ताल, म्हंजी बांध, असल्यागत दिसंल, म्युझियम न्हाय वाटायचं.

दुसरी गोष्ट. त्या भागात मी रस्त्याच्या कामाला मशीन घेऊन दोन वर्षं होतो. तुम्ही गावाचं नाव लिहिलं न्हाय पण मला अंदाज आलाय. गावाच्या खालच्या अंगाला, एसटी थांब्यापासनं पाच मिनिटावर एक बंद पडलेली दगडाची खाण हाय बघा, खडीसाठी फोडलेली. तिथला डोंगर आधीच फोडलेला हाय. वरचा चांगला डोंगर कशाला फोडताय, फोडलेला हाय तिथं बांधा की. गाड्या पन खालीच राहतील.

सातारी_ओसाकात | गुरुवार, पहाटे ४.५०

माणदेशी भाऊ, दंडवत. मी तीन परिच्छेद जपान लिहिला आणि तुम्ही दोन ओळीत सोडवलं.

औंधची_लेक | गुरुवार, सकाळी १०.००

जोधपूरजवळ अरणा-झरणा म्हणून आहे, लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारींच्या कल्पनेतलं, ते पण सोडून दिलेल्या वालुकाश्माच्या खाणीतच केलंय. झाडूंचं म्युझियम! वाळवंटातल्या कुठल्या गवताचा कुठला झाडू, कोण बांधतं, अंगणाचा वेगळा, घरातला वेगळा. आजूबाजूला तीच झाडं गवतं वाढवलीत. म्हणजे वस्तू आत आणि ती ज्याची बनली ते बाहेर, मधे दार असं नाहीच. तुझ्या बियाण्यांच्या डब्यांचं तसंच कर, डब्यात ठेवून काय उपयोग, समोर पेर.

कोबा_गिलावा | गुरुवार, दुपारी १२.४०

खाणीत बांधायचं तर तीन गोष्टी आत्ताच लिहून ठेव. एक, मागची भिंत खडकाला चिकटवायची नाही, मधे माणूस फावडं घेऊन जाईल एवढी बोळ सोड, पाणी तिथनं वाहू दे आणि दर मे महिन्यात गाळ काढ. दोन, सुरुंग लावून फोडलेल्या खडकाला भेगा असतात, सुटलेले दगड आधी उतरवून घे, वर जाळी लागली तर लाव, दिसली तर दिसू दे. तीन, तोंड कुठल्या दिशेला आहे? आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं झोडपतो.

दगड तिथंच पडलेला असेल, विकत आणू नकोस. मशीनकटचं गुळगुळीत क्लॅडिंग लावलंस तर मी इथनं निघून जाईन.

डोंगरउतार | सहा आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. गायब नव्हते, भिजत होते.

खाण सापडली. माणदेशी दादा, अंदाज बरोबर होता तुमचा. मुद्दाम जुलैत गेले, सलग चार दिवस, रेनकोट आणि गमबूट घालून, बरोबर गावातले एक आजोबा, ज्यांनी याच खाणीत वीस वर्षं घण मारलाय. मी टेप लावून मोजत होते आणि ते नुसतं बोट दाखवून सांगत होते, हितनं पाणी येतं, ह्या भेगेतनं चार दिवसांनी येतं, त्या कोपऱ्यात दसऱ्यापर्यंत राहतं. तिसऱ्या दिवशी मी टेप ठेवून दिली आणि त्यांचं बोट जिथं जिथं गेलं तिथं चुन्याच्या खुणा केल्या. पावसानं धुऊन गेल्या, परत केल्या.

खाणीची भिंत पश्चिमेला आहे, म्हणजे पाऊस पाठीवर आणि तोंड पूर्वेला, इतकं नशीब माझं कधी नसतं. तळात सध्या चार फूट पाणी, त्यात बेडूक आणि खंड्या. ते पाणी काढायचं नाही असं ठरवलंय, तळाचा अर्धा भाग तळं म्हणूनच राहील. त्याच्या वरच्या टप्प्यावर, जिथं डंपर उभे राहायचे, तिथं लांब पडवी, खाण वळते तशी वळणारी, खांब तिथल्याच काळ्या दगडाचे, वर साधी कौलं. गवताचं छत फक्त कागदांच्या छोट्या खोलीवर, चार इंच मातीचं. कोबा दादा, मुळांची शीट मी स्वतः उभी राहून टाकून घेणार. वीरगळ टोकाला, उघड्यावर, सकाळचं पहिलं ऊन तिथं येतं. वरच्या दोन एकरात काहीच नाही, नुसत्या बिया, आणि झऱ्यापर्यंत जायची जुनी गुरांची वाट, तीच पायवाट म्हणून राहील.

रस्त्यावरून दिसतं का? हो, दिसतं. कौलांची एक रेघ दिसते. आता त्याचं मला काही वाटत नाही.

खाण गायरानात आहे, त्यामुळे परवानगीच्या फायली सुरू झाल्यात, ते एक वेगळं पुराण. आणि कमिटी. कमानीवरून तीन मीटिंगा झाल्या. शेवटी कमान खाली एसटी थांब्यापाशी करायची ठरलीय, गाड्या तिथंच लागणार, तिथनं पाच मिनिटं चालायचं. मावळा एकच राहिला. फायबरचा. त्याला मी हरले.

कंदीपेढा | शनिवार, रात्री ९.२२

एक मावळा चालतोय. पण त्याच्याबद्दल पहिली पोस्ट माझी होती, उद्घाटनाला पेढ्यांची ऑर्डर मला पाहिजे.

वायतुरा | शनिवार, रात्री १०.०५

तळ्याच्या कडेला बाहेरून आणून काही लावू नका, दोन पावसाळे नुसतं बघा काय आपणहून उगवतं ते. ऑगस्टअखेर मी येतो, यादी करू.

डोंगरउतार | शनिवार, रात्री १०.३०

सर नक्की या, जेवायलाच या.

हरिपूरकर काका, एक विचारायचं होतं. बियाण्यांच्या डब्यांसाठी त्या छोट्या खोलीत आतनं काय लावावं याचा विचार करतेय आणि तुमच्या पेवाचं पाला-गवत डोक्यातनं जात नाहीये. एखादं पेव अजून चालू असेल तर बघायला मिळेल का? पुढच्या रविवारी सांगलीला यायचं म्हणतेय. आईला पण यायचंय.

हरिपूरकर | रविवार, सकाळी ६.१०

या दोघी. एक आहे अजून, भाच्याच्या अंगणात. आदल्या दिवशी तोंड उघडून ठेवायला सांगतो. बॅटरी आणू नका, कंदील आहे.